पाठकोरे कागद

"तुमचं शेवटचं पत्र यांना मीच वाचून दाखवलं," भावजय म्हणाली. "चार पानांचं होतं. आवडलं त्यांना. फक्त त्यांनी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तेवढं त्यात नव्हतं."

तो दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट घालत होता. धाकट्या भावाला मातीत ठेवून चार दिवस झाले होते, सांत्वनाला येणारे येऊन गेले होते, आणि त्याला दुपारच्या बसने परत निघायचं होतं. एक बूट पायात, दुसरा हातात. "काय विचारलं होतं त्याने?" असं तो बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. भावजयीने त्याच्याकडे पाहिलं. टोमणे मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. "तुमच्याकडे असेल की ते पत्र," ती सरळ म्हणाली. "हो, असेल," तो म्हणाला, "बघतो," आणि नाडी बांधायला गरजेपेक्षा जास्त वेळ खाली वाकून राहिला. मग तिने रंगाचा एक रिकामा डबा आणून त्याच्या हातात दिला. आत त्याची स्वतःची पत्रं होती, तारखेवार लावलेली, सुतळीने बांधलेली. "एकूण एक आहेत," ती म्हणाली. "एकही टाकू दिलं नाही त्यांनी." डबा काखेत मारून उठताना तो खिडकीपाशी ठेवलेल्या खुर्चीला धडकला. जाण्यायेण्याच्या अगदी वाटेत होती ती. तो ती भिंतीकडे सरकवायला लागला, तर भावजय म्हणाली, "राहू द्या. ती तिथेच असते."

बस सहा तासांची. पहिला तासभर त्याने डबा उघडलाच नाही, मांडीवर घेऊन बसला. त्याचा जन्म पत्रं वाचण्यात गेला होता. लोक विचारत, तुम्ही काय शिकवता, तेव्हा तो म्हणे, जुनी पत्रं. प्रेषिताने ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळात ठिकठिकाणच्या लहान लहान मंडळींना लिहिलेली, मोठमोठ्या सभागृहांत नव्हे तर कुणाच्या तरी माडीवर, कातडी कमावणाऱ्याच्या नाहीतर कापड रंगवणाऱ्याच्या घरी दहावीस माणसं जमवून मोठ्याने वाचली गेलेली पत्रं. कृपा म्हणजे काय, देह म्हणजे काय, जे आधी निजले, म्हणजे वारले, त्यांचं काय, या प्रत्येक प्रश्नावर त्याने पानंच्या पानं लिहिली होती. पण सगळ्या विद्येचं मूळ दुखणं एकच होतं, आणि पहिल्याच तासाला तो ते विद्यार्थ्यांपुढे ठेवत असे. आपल्याकडे उत्तरं आहेत, प्रश्न नाहीत. मंडळींनी प्रेषिताला काय लिहिलं होतं तो कागद कुणी जपला नाही. शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असावं आणि आपण भिंतीला कान लावून पलीकडच्याचं बोलणं ताडावं, तसा हा सगळा उद्योग. त्यात एक पथ्य पाळायचं, असं तो बजावत असे. पत्रात जे नाही, त्यावरून काही गृहीत धरायचं नाही. गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडी आपण शब्द घालायचे नाहीत. हे वाक्य तो इतक्या वर्षांत इतक्यांदा बोलला होता की मागच्या बाकावरची मुलं ते त्याच्याबरोबर ओठ हलवून म्हणत.

दुसऱ्या तासाला त्याने सुतळी सोडली. सव्वीस वर्षांची पत्रं, एकशे सतरा. पहिली हाताने लिहिलेली, नंतरची विभागातल्या टायपिस्टबाईंनी टंकलेली, खाली त्याची सही. हळूहळू त्याच्या लक्षात यायला लागलं की प्रत्येक पत्राची सुरुवात एकच आहे. तुझं पत्र मिळालं, वाचून आनंद झाला. त्यानंतर त्याच्या कामाचं, प्रवासाचं, कुठल्या परिषदेत कोण काय बोललं त्याचं. मग, तू विचारलंस त्याविषयी सविस्तर पुढे कधीतरी. आणि शेवटी, टंकलेल्या मजकुराखाली सोडलेल्या जागेत, हाताने लिहिलेली एक ओळ: यायचं फार मनात आहे, पण परीक्षा जवळ आल्या. यायचं ठरवलंही होतं, पण लेखाची मुद्रितं आली. पण तब्येत. पण पाहुणे. एकशे सतरा पत्रांतून त्याने धाकट्याचा माग काढायचा प्रयत्न केला, सवयीने, पेन्सिल काढून. प्रेषित चिडे, रडे, खडसावे, शपथा घेई. त्याच्या रागावरून कळे की पलीकडे कुणीतरी काहीतरी म्हटलंय. या पत्रांवरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. धाकट्याचं लग्न ठरलं होतं की मोडलं होतं, मूल जन्मून आठ दिवसांत गेलं तेव्हा त्याने काय लिहिलं होतं, कशाचा पत्ता लागत नव्हता. उत्तरावरून प्रश्न काढायचा, तर उत्तर देणाऱ्याने तो आधी ऐकलेला तरी असावा लागतो. पुढच्या बाकावर एक बाई झोपलेल्या मुलाचं डोकं सांभाळत बसली होती. त्याने पेन्सिल खिशात ठेवली आणि त्याला पहिल्यांदा रडू आलं. चार दिवसांत आलं नव्हतं. बसमध्ये आलं, आणि ते त्याने रुमाल तोंडावर धरून, खोकल्याचं निमित्त करून पार पाडलं.

शेवटचं पत्र अडीच महिन्यांपूर्वीचं. ते त्याला आठवत होतं, कारण लिहिताना तो स्वतःवर खूश झाला होता. धाकट्याने विचारलं होतं, मेल्यावर माणसं एकमेकांना ओळखतील का, तुझा तो काय म्हणतो? तुझा तो, म्हणजे प्रेषित. दोघं लहान असल्यापासून धाकटा त्याला असंच म्हणायचा, नात्यातल्या कुणाविषयी बोलावं तसं. आणि त्याने चार पानं सांगून लिहवली होती. सुरुवातीच्या पत्रांत प्रेषिताला वाटतं की आपल्या डोळ्यांदेखतच शेवट येईल, तेव्हा आधी निजलेल्यांची काळजी करणाऱ्या मंडळींना तो धीर देतो. पुढे पुढे आपणही मरणार हे त्याला उमगलेलं दिसतं. देहाविषयी तो बीजाची आणि रोपाची उपमा देतो. ओळखीविषयी मात्र थेट असं कुठेच बोलत नाही. आणि शेवटचं वाक्य, टंकलेलं: सबब, जे पत्रात लिहिलेलं नाही त्यावरून काही गृहीत धरणं योग्य नव्हे. त्याखाली दोन बोटं जागा मोकळी. त्याखाली सही. हाताने लिहायची ओळ राहून गेली होती. त्या वेळी 'पण' लिहायलासुद्धा सवड झाली नव्हती.

म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं होतं. चांगलं भरघोस दिलं होतं. मग भावजय म्हणते तो दुसरा प्रश्न कोणता?

हे शोधणं सोपं होतं आणि अशक्यही होतं, कारण पत्र हरवलं नव्हतं, त्याने ते कापलं होतं. ही चाल त्याच्या सरांची. सर कागदाच्या टंचाईच्या दिवसांत शिकलेले. कोशासाठी चिठ्ठ्या करायच्या त्या पाठकोऱ्या कागदांच्या, हा त्यांचा दंडक. एका बाजूला छापलेली सूचना असो, उत्तरपत्रिका असो की लग्नपत्रिका, दुसरी बाजू कोरी असली की कागदाचे चार तुकडे करायचे आणि कोऱ्या बाजूवर प्रेषिताच्या पत्रांतला एकेक शब्द, तो कुठे आला, कुठल्या अर्थाने आला, कोपऱ्यात तारीख. सर गेले तेव्हा अकरा खण भरले होते. त्याने ते चाळीसवर नेले. दर शनिवारी सकाळी तो आठवड्याचं टपाल टेबलावर घेई आणि पट्टीखाली धरून कापी. आलेलं पत्र वाचायचं, उत्तर सांगायचं, कापायचं. धाकट्याची पत्रं या कामाला फार सोयीची पडत, कारण तो जाड, चांगला कागद वापरायचा आणि एकाच बाजूला लिहायचा. यात आपण काही वावगं करतोय असं त्याला सव्वीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. उलट वाटलं असेल तर हेच, की भावाचा कागदसुद्धा कामी येतोय.

धाकटा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिक्षण बेताचं, पण हात असा की केशकर्तनालयाची पाटी लोक उभं राहून वाचत. सहा वर्षांपूर्वी तो एकदा विभागात आला होता, आपणहून, बरोबर ब्रशांची पेटी घेऊन. चाळीस खणांवरची कागदी लेबलं सुटायला आलीत असं त्याने पत्रात वाचलं होतं. तीन दिवस तो खाली मांडी घालून बसला आणि प्रत्येक खणावर, त्याला न वाचता येणाऱ्या ग्रीक लिपीत, लाल रंगाने असे शब्द लिहून गेला की परदेशी पाहुणे आजही त्यांचे फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी त्याने एका खणातली चिठ्ठी काढून उलटसुलट पाहिली. "दुसरीकडे ठेवू नकोस," तो टेबलावरून त्याला ओरडला होता. "एक चिठ्ठी चुकली तर शब्द गेला." धाकट्याने ती होती तिथे नीट सरकवली, मग शेजारची काढून पाहिली, तीही सरकवली आणि ब्रश उचलला. त्याच मुक्कामात जेवताना त्याने धाकट्याला आपल्या नव्या लेखाविषयी सांगितलं होतं. एका पत्राच्या शेवटी प्रेषित लेखनिकाच्या हातातली लेखणी घेतो आणि स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत, चार ओळी लिहितो. मोठ्या का? या प्रश्नावर त्याचा एकतीस पानांचा लेख होता. जोर देण्यासाठी, असा त्याचा निष्कर्ष. "हात हलत असेल रे," धाकटा घास मोडत म्हणाला. "बारीक अक्षराला हात स्थिर लागतो. आमच्यात म्हातारे पेंटर सगळे मोठी पाटी मागतात." ते ऐकून तो हसला होता. तळटीप म्हणूनसुद्धा त्याने हे कुठे घातलं नाही.

सोमवारी सकाळी तो विभागात पोचला तेव्हा टायपिस्टबाई यंत्रावरचं कापड काढत होत्या. वीस वर्षं त्या त्याचं टंकन करत होत्या, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि त्याला काहीही बोलायची मुभा त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकली होती. "वाईट झालं सर," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "चहा ठेवू?" त्याने मान हलवली आणि पहिला खण ओढून टेबलावर पालथा केला. बाईंच्या हातातली कपबशी तिथेच राहिली. या खणांना सफाईवाल्याचा झाडूसुद्धा लागू द्यायचा नाही असा कायदा होता, आणि पंधरवड्याने ते छापखान्यात जायचे होते. "सर, क्रम जाईल," त्या म्हणाल्या. "जाऊ दे," तो म्हणाला. मग त्याला त्यांना सगळं सांगावं लागलं. सांगताना ते जेवढं वाईट वाटायला हवं होतं त्याहून जास्त वाईट ऐकू आलं. बाई कपबशी खाली ठेवून त्याच्यासमोर बसल्या. "त्या पत्राच्या शेवटी मी जागा सोडली होती," त्या म्हणाल्या. "दोनदा विचारलं तुम्हाला, हाताने काही लिहायचंय का. तुम्ही म्हणालात, टाका तसंच." त्याला हे आठवत नव्हतं. बाईंना आठवत होतं, म्हणजे झालं असणार.

तारखांची मदत होती. त्या शनिवारनंतरच्या चिठ्ठ्या पाहायच्या, बाकीच्या सोडायच्या. पण त्या साठ हजारांत विखुरलेल्या, शब्दाच्या क्रमाने, म्हणून प्रत्येकीचा कोपरा बघणं भागच होतं. तो बघे आणि न राहवून जुन्याही उलट्या करी. खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे, तिच्यावर ऊन चढे आणि उतरे. आणि या पालथ्या चिठ्ठ्यांवर त्याला, शोधत नसताना, धाकटा भेटायला लागला. कुठे नुसतंच 'गॅलरीत कबुतराने अंडी', कुठे 'ही म्हणते तुला लोकरीचा', कुठे 'बाळ आज'. ती चिठ्ठी हातात घेऊन तो बराच वेळ बसला. पुढचा तुकडा कुठल्या खणात असेल ते प्रेषितालाच ठाऊक. तिच्या दर्शनी बाजूवर 'आशा' हा शब्द होता आणि त्याच्या सात अर्थच्छटा. आपण वसतिगृहात होतो तेव्हाचे दिवस त्याला आठवले. तो कधी कळवून घरी जात नसे. सगळ्यांना चकित करायची हौस. आई म्हणायची, धाकटा दर शनिवारी खिडकीत बसून असतो, मी सांगते आज नाही येणार, तर म्हणतो, कळवलं नाही ना, म्हणजे येणार. आणि कितीतरी शनिवार तो गेला नव्हता. मित्रांबरोबर हुंदडत होता, अभ्यास होता, काय काय होतं. तेव्हाही त्याने कधी विचारलं नाही की मी आलो नाही त्या दिवशी खिडकीतला मुलगा किती वाजता उठला.

दोन दिवसांत एकही तुकडा हाती लागला नाही. तारखा जुळत होत्या, चिठ्ठ्या उलट्या होत होत्या, धाकट्याचं ते वळणदार, पाटीवरून उतरून आल्यासारखं अक्षर काही दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाई त्याने बघून बाजूला ठेवलेला गठ्ठा पुन्हा चाळत होत्या. "सर," त्या म्हणाल्या, "हे बघितलंत का?" त्याने बघितलं होतं. कुणा विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका असेल म्हणून टाकून दिलं होतं. बाईंनी चष्मा वर सरकवला. "हे बाईमाणसाचं अक्षर आहे, ते खरं. पण उत्तरपत्रिकेत कुणी असं लिहील का?" वरचा उजवा तुकडा होता तो. 'लिहवतोय. अक्षर बघून घाबरू', आणि खाली, 'रत नाही. पाट्यांचं काम बंद', आणि त्याखाली, 'लागू पडलं तर बघू.'

प्रेषित कुठे सांगत होता आणि कुठे त्याने स्वतः लेखणी घेतली हे तो दोन हजार वर्षांपलीकडून ओळखत असे. त्यावर त्याची ख्याती होती. आणि हे पत्र त्याच्या टेबलावर आलं होतं, आठवडाभर पडलं होतं, त्याने वाचलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं आहे हे त्याला दिसलं नव्हतं. वाचलं होतं म्हणजे काय केलं होतं? नजर फिरवून प्रश्नचिन्ह शोधलं होतं. मेल्यावर ओळखतील का, हे सापडलं. विषय त्याच्या आवडीचा निघाला, आणि बाकीचा कागद त्याच क्षणी त्याच्यासाठी पाठकोरा झाला. तो खाली बसला. बाई पुढचा गठ्ठा उलटायला लागल्या.

आता कुठलं अक्षर शोधायचं ते कळल्यावर काम भराभर झालं. दुपारपर्यंत वरचा डावा तुकडा मिळाला. 'ती. दादास, हे पत्र मी हिला सांगून', 'नकोस. माझा हात सध्या ब्रश ध', 'डॉक्टर म्हणतात औषध'. चारच्या सुमाराला खालचा डावा. 'मेल्यावर माणसं एकमे', 'तुझा तो काय म्हणतो ते'. आणि त्याखाली भावजयीचं बारीक अक्षर संपून एकदम लाल रंग. खणांवर होता तोच लाल. दोन अक्षरं, अंगठ्याएवढी, कडा फाटलेल्या, वेलांटी वाकडी गेलेली. 'कधी'.

"हात हलत असेल रे," असं कुणीतरी त्याच्या कानाशी घास मोडत म्हणालं. त्याने ती चिठ्ठी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला. कधी काय? कधी विचारलंस का मला? कधी कुणाचा झालास? कधी उत्तर दिलंस? तो तऱ्हेतऱ्हेने वाक्य पुरं करून बघत होता, ही त्याची जन्माची सवय, आणि प्रत्येक वाक्य त्याला लागू पडत होतं. बाईंनी विचारलं, उरलेला तुकडा उद्या बघू या का? तो म्हणाला, तुम्ही जा घरी. त्या गेल्या नाहीत. एव्हाना फक्त दोन खण राहिले होते, दोन्ही 'पण'चे. प्रेषिताच्या पत्रांत हा शब्द इतक्यांदा येतो की त्याला दोन खण लागले होते, आणि ते कुणी कधी उघडत नसे. 'पण'वर कोण लेख लिहिणार. तिथेच, साडेतीनशे चिठ्ठ्यांच्या खाली, ती होती. वर, 'कांना ओळखतील का?' आणि 'कळव. सवडीने कळव.' त्याखाली लाल रंगात, ओळ सोडून खाली घसरत गेलेलं, 'येतोस?'

बाईंनी दोन्ही तुकडे जवळ सरकवले. तो वाचू शकत होता, सरकवायची गरज नव्हती. त्या आठवड्यात हा लाल रंग बघून आपल्याला गंमत वाटली होती हे त्याला आता आठवलं. धाकट्याचा काहीतरी चावटपणा, असं मनात येऊन तो हसलासुद्धा होता. मग त्याने पट्टी ठेवली होती. पट्टी बरोबर दोन शब्दांच्या मधे पडली होती.

दुसऱ्या दिवशी त्या चार चिठ्ठ्यांवरचे शब्द त्याने दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदावर उतरवून काढले, नव्या चिठ्ठ्या त्या त्या खणात घातल्या, बाकी पसारा बाईंवर सोपवला आणि सकाळची बस पकडली. सुट्टी मागितली नाही, कळवलं नाही. भावजयीने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. "तुम्ही?" ती म्हणाली, आणि मग, "या." टेबलावर त्याने पाकीट उघडून चारही तुकडे लाल अक्षरं वर करून मांडले. बसमध्ये सहा तास जुळवलेली वाक्यं त्यांच्याबरोबर मांडायची होती, ती काही निघाली नाहीत. "कापलं होतं मी ते," तो म्हणाला. "सगळीच कापली."

ती दचकली नाही. हात पुसून तिने एक तुकडा उचलला, उलटा केला, त्यावरची परकी अक्षरं पाहिली आणि परत जागेवर ठेवला. "माहीत होतं यांना," ती म्हणाली. "तुमच्याकडे खण रंगवायला आले होते ना, तेव्हा बघून आले. मला येऊन सांगत होते, दादाच्या कपाटात जिकडेतिकडे मीच आहे, फक्त पाठीमागून. हसत होते. त्यानंतर मुद्दाम तो जाड कागद आणायला लागले. हे पत्र सांगताना जागा पुरेना, म्हणून मी कागद उलटा करायला गेले, तर म्हणाले, नको, पाठ कोरी ठेव. दादाला लागते."

तिने 'येतोस'वरून बोट फिरवलं, रंगाला हात न लावता. "हे दोन शब्द लिहायला अर्धा तास लागला त्यांना. डबी मी धरली होती. मी म्हटलं, द्या, लिहिते मी. तर म्हणाले, तुझ्या अक्षराला तो उत्तर लिहील. माझं अक्षर बघितलं की येईल."

बाहेर कुठेतरी कुणीतरी सतरंजी झटकत होतं. तो खिडकीकडे गेला. खुर्ची तिथेच होती, आणि आता त्याला दिसलं की तिच्यावर बसलेल्या माणसाला रस्त्यापलीकडचा बसथांबा समोर दिसेल, दुसरं काही दिसणार नाही. "आणि माझं पत्र आल्यावर?" त्याने विचारलं. हे विचारायची त्याची हिंमत नव्हती, तरी विचारलं.

"त्यानंतरही रोज बसायचे," ती म्हणाली. "उठवून बसवावं लागायचं. मी म्हटलं, भाऊजींनी तर तसं काही लिहिलेलं नाही. ते म्हणाले, तेच तर. लिहिलं नाही म्हणजे न कळवता येणार. लहानपणापासूनची खोड आहे त्याची."

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. पावणेचारची बस आली. दोघंही बघत राहिले. एक बाई पिशव्या सांभाळत उतरली, तिच्या मागून कुणी उतरलं नाही, आणि बस निघून गेली.